आधी सायकल ठेवायची जागा शोधा: मानेवाडा ते हिंगणा, रोज, गाडीशिवाय

मी नागपुरात मानेवाड्याला राहते आणि हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात हिशेब बघते. घरापासून माझ्या टेबलापर्यंत चौदा-पंधरा किलोमीटर. अकरा वर्षं हे अंतर स्कूटीनं कापलं. २०२१ च्या दिवाळीनंतर सायकल आणि मेट्रो सुरू केली, ती आजपर्यंत चालू आहे. ऑफिसातल्या दोघींनी, मग गल्लीतल्या काकांनी विचारलं, "हे रोज जमवता कसं ताई?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं असं वाटलं.

बहुतेक जण सुरुवातीलाच चुकतात. उत्साहानं आधी सायकल घेतात, मग रस्ता ठरवतात, आणि मेट्रो स्टेशनखाली पोचल्यावर पहिल्यांदा विचार करतात की आता ही ठेवायची कुठे. तुम्ही उलटं करा. आधी सायकल ठेवायची जागा शोधा. ती पक्की झाली की रस्ता ठरवा, आणि सायकल सगळ्यात शेवटी घ्या. सायकल चालवताना भीती वाटते म्हणून लोक सायकल सोडतात असं आपण समजतो. पण माझ्या ओळखीतल्या चौघांनी सोडली ती दिवसभर तिची काळजी लागून राहते म्हणून. माझीही पहिली सायकल एका स्टेशनच्या खांबापासून चोरीला गेली. तारेचं पातळ कुलूप होतं, कापलेले दोन तुकडे जमिनीवर पडलेले. त्या संध्याकाळी ऑटोत बसून घरी जाताना मी अक्षरशः रडले.

जागा शोधायची ती अशी. एखाद्या रविवारी तुमच्या जवळच्या स्टेशनभोवती पायी फिरा. दिवसभर माणूस बसलेला असेल असं ठिकाण बघा: पानठेला, चहाची टपरी, पंक्चरचं दुकान, झेरॉक्सवाला, एटीएमचा पहारेकरी. त्याच्याशी बोला आणि महिन्याचे पैसे स्वतःहून द्या. मी अजनी चौकाजवळ एका पंक्चरवाल्या चाचांना महिन्याला दीडशे रुपये देते, हवा त्यातच येते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ठेवा ना ताई, काही नाही होत." तरी पैसे द्यायचेच. फुकट ठेवलेल्या सायकलीवर कोणाची जबाबदारी नसते.

कुलूप जाड घ्या. यू आकाराचं लोखंडी कुलूप सहाशे-सातशे रुपयांना येतं, आणि ते सायकलीच्या किमतीतच धरा. नुसतं चाक खांबाला बांधू नका, चाक सोडून बाकीची सायकल उचलून नेतात. मागचं चाक, फ्रेम आणि जमिनीत रोवलेला खांब, तिन्ही एकाच कुलपात आले पाहिजेत. फ्रेमच्या बुडाशी, पायडलच्या दांड्याखाली, एक नंबर कोरलेला असतो. त्याचा आणि बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. माझ्याकडे तो नव्हता, त्यामुळे तक्रारीत "काळी सायकल, पुढे टोपली" एवढंच लिहिता आलं.

आता रस्ता. नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत. ऑरेंज लाइन उत्तर-दक्षिण, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी. अ‍ॅक्वा लाइन पूर्व-पश्चिम, प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. पहिली गाडी २०१९ च्या मार्चमध्ये खापरी-सीताबर्डी धावली आणि ११ डिसेंबर २०२२ ला पहिला टप्पा पूर्ण झाला. नकाशावर हे मोठं अधिकचं चिन्ह दिसतं. पण मानेवाडा, हुडकेश्वर, म्हाळगीनगर, नंदनवन, दिघोरी ही सगळी दाट वस्ती त्या चिन्हाच्या दोन हातांच्या मधल्या मोकळ्या जागेत येते. आम्हाला स्टेशन जवळ नाही. माझं सगळ्यात सोयीचं स्टेशन अजनी चौक, घरापासून साधारण पाच किलोमीटर. पायी जायला फार लांब, आणि ऑटोनं गेलं तर मेट्रोच्या तिकिटापेक्षा ऑटोचेच पैसे जास्त. हे पाच किलोमीटर सायकलचेच आहेत.

माझा रोजचा हिशेब असा: सायकल वीस मिनिटं, कुलूप लावून वर जायला पाच, गाडीची वाट पाच, अजनी ते सीताबर्डी सात, तिथे मार्गिका बदलायला सहा, लोकमान्य नगरपर्यंत तेवीस, पुढे आठ. एकूण सव्वा तास. स्कूटीनं पाऊण तास लागायचा. म्हणजे अर्धा तास जास्त जातो, हे मी लपवणार नाही. पण त्यातला निम्म्याच्या जवळपास वेळ मी बसलेली असते, आणि सकाळी त्या वेळात मुलीच्या कॉलेजच्या फीपासून वाण्याच्या यादीपर्यंत सगळं उरकून होतं. पेट्रोलचं म्हणाल तर रोजचे तीस किलोमीटर, माझी स्कूटी पंचेचाळीसचा अ‍ॅव्हरेज द्यायची, आणि पेट्रोल शंभरीच्या वर. महिन्याचे पंचवीस दिवस धरा आणि स्वतःच गुणाकार करून पाहा.

शेवटची आठ मिनिटं हा माझ्या सगळ्या मांडणीतला सर्वांत उपयोगी भाग आहे. लोकमान्य नगर स्टेशनापासून आमचा कारखाना दोन किलोमीटर. त्यासाठी मी दुसरी सायकल ठेवली आहे. जुनी, बिनगिअरची, अठराशे रुपयांना घेतलेली. ती रात्री तिकडेच असते, एका चहावाल्या भाऊंच्या टपरीमागे. संध्याकाळी मी ती तिथे लावते, मेट्रोनं अजनीला येते आणि चाचांकडची सायकल घेऊन घरी जाते. दोन टोकांना दोन सायकली ठेवल्या की मधे काही उचलून न्यावं लागत नाही. दुसरी सायकल मुद्दाम जुनी आणि दिसायला सामान्य घ्या. ती चोरावीशी वाटणार नाही आणि पावसात भिजली तरी जीव तुटणार नाही.

सायकल मेट्रोत नेता येते, त्याचं वेगळं भाडं नाही. पण रोजच्या ऑफिसच्या वेळेला मी नेत नाही. गाडीला तीनच डबे आहेत, आणि साडेनऊच्या गर्दीत हँडल कोणाच्या तरी पोटात जातंच. न्यायचीच असेल तर सकाळी सात-साडेसातच्या आत किंवा दुपारी न्या. सरकत्या जिन्यानं नेऊ नका, लिफ्टनं न्या. लिफ्टमध्ये पुढचं चाक उचलून सायकल उभी केली की मागे आणखी दोन माणसं मावतात. गाडीत डब्याच्या टोकाला उभं राहायचं, चेन भिंतीकडे, ब्रेक हातात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दिवसांत तर सायकल आत न्यायचीच नाही. दीक्षाभूमीला येणाऱ्या लाखो माणसांसाठी ती जागा लागते.

सायकल कोणती घ्यावी? गिअर असले तर अजनीच्या पुलावर सोपं पडतं, पण गरज नाही. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि चेनकव्हर मात्र हवंच. दुकानात हल्ली दिसायला छान अशा ज्या सायकली मिळतात त्यांना यातलं काहीच नसतं, आणि पहिल्या पावसात पाठीवर चिखलाची रेघ उठते. टायर मध्यम जाडीचा घ्या, पातळ तर अजिबात नको. याचं कारण आपले सिमेंटचे रस्ते. दोन स्लॅबच्या मधे रस्त्याच्या लांबीनं जी फट जाते, तिच्यात पातळ चाक अडकलं की हँडल वळतच नाही. नवी सायकल घेत असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तो बिलात बघून घ्या.

रस्त्यावर कुठून चालवायचं हे मला कोणी शिकवलं नाही, पडून शिकले. सिमेंट रस्त्याची कड आणि बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांच्यात पुष्कळ ठिकाणी तीन-चार बोटांची पायरी असते. मागून ट्रक आला म्हणून घाबरून तिरपं खाली उतरलात तर पडणार. म्हणून कडेला चिकटून जाऊ नका. कडेपासून हात-दीड हात आत, सरळ रेषेत चालवा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. सरळ जाणारी सायकल त्यांना दिसते, नागमोडी जाणारी दिसत नाही. उभ्या चारचाकीच्या शेजारून जाताना दरवाजा उघडेल इतकं अंतर ठेवा. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर रस्त्याच्या मधे जाऊन थांबू नका. सरळ पलीकडे जा, तिथे कडेला उभं राहून सायकल वळवा आणि दुसऱ्या सिग्नलला निघा. एक मिनिट जास्त लागतं.

अजनीचा रेल्वे पूल इंग्रजांच्या काळातला, अरुंद. गर्दीच्या वेळी मी तिथे उतरते आणि सायकल हातात धरून चालते. तीन मिनिटांचा प्रश्न आहे. माझी मुलगी म्हणते, आई तू घाबरतेस. हो, तिथे घाबरते, आणि तुम्हीही घाबरावं असं मला वाटतं.

वर्धा रोडवर पुढे ज्यांना जायचं त्यांच्यासाठी एक गोष्ट. तिथे ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल आहे: खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. लोक त्याचं कौतुक जागतिक विक्रमासाठी करतात. मी करते ते सावलीसाठी. एप्रिलच्या दुपारी त्याच्या खालून जाताना अंगावरचं ऊन एकदम उतरतं. पण खांबांमुळे यू-टर्न घेणारी गाडी आयत्या वेळी दिसते, म्हणून प्रत्येक वळणापाशी पायडल थांबवून ब्रेकवर बोटं ठेवा.

उन्हाळ्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण "नागपुरात? सायकल? मे महिन्यात?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. पारा पंचेचाळीसला जातो हे खरं आहे. मी मे महिन्यात घरून सव्वासातला निघते. साहेबांना विचारून कामाची वेळ एक तास अलीकडे करून घेतली आहे. तुम्हीही विचारून बघा, लहान कारखान्यात हे जमतं. संध्याकाळी सहाला ऊन उतरलेलं असतं पण रस्ता तापलेला असतो, खालून वाफ येते. डोक्याला आणि कानांना सुती दुपट्टा गुंडाळायचा, तो आधी ओला करून पिळायचा. दीड लिटर पाणी, त्यात मीठ-साखर. घरी पन्हं केलेलं असेल तर तेच. तहान लागायची वाट न बघता प्रत्येक टप्प्याला चार घोट. चाकात हवा काठोकाठ भरू नका. भर उन्हात उभी केलेली सायकल ट्यूब फोडते, आणि तो आवाज ऐकून अख्खी टपरी उठते. सीटवर ओलं फडकं टाकून ठेवा. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत मी सायकल चालवत नाही. संध्याकाळी अजनीहून ऑटोनं घरी येते, आणि सायकल चाचांकडेच राहते. सकाळी मुलगी मला अजनीपर्यंत सोडून देते. नऊ दिवस असं केल्यानं वर्षाचं व्रत मोडत नाही.

पावसाळ्यात नियम एकच: जिथे तळ दिसत नाही त्या पाण्यात चाक घालायचं नाही. नालीवरचं झाकण आहे की वाहून गेलं, हे वरून कळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसानं अंबाझरी तलाव ओसंडला आणि शहराचा मधला भाग पाण्याखाली गेला, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा दिवशी सायकल जिथे आहे तिथे राहू द्या. एरवी रेनकोटापेक्षा कपड्यांचा दुसरा जोड ऑफिसच्या कपाटात ठेवणं जास्त कामाचं.

हिवाळा हा आपला हंगाम. अधिवेशन सुरू झालं की विधानभवनाच्या भोवतीचे रस्ते बंद होतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चे थांबतात आणि गाडीवाले तासभर अडकतात. त्या दिवसांत माझा सव्वा तास सव्वा तासच राहतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमुळे महाल-इतवारीकडून जायचं टाळा, एवढं लक्षात ठेवा.

सायकल पंक्चर झाली किंवा अंगात ताप असला तर काय, हे आधी ठरलेलं हवं. माझ्यासाठी 'आपली बस' या शहर बससेवेचा मोरभवन बसस्थानकापर्यंतचा मार्ग आणि तिथून सीताबर्डी मेट्रो. बसची वाट किती बघावी लागेल ते त्या दिवशी कळतं, म्हणून तेव्हा पाऊण तास आधी निघते.

रेल्वेबद्दल. माझा भाऊ सिंदीला असतो, नागपूर-वर्धा मार्गावरचं लहान स्टेशन. महिन्यातून एकदा जाते. या मार्गावर रोज अपडाउन करणारे पुष्कळ आहेत, त्यांनी मासिक पास काढावा. तो १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतराला मिळतो, आणि तीन महिन्यांचा काढला तर मासिकाच्या २.७ पट पैसे लागतात, म्हणजे थोडी बचत. मात्र पासवर आरक्षित डब्यात बसायचं नाही, आणि सुपरफास्ट गाडीला वेगळा अधिभार आहे. सायकल सोबत न्यायची असेल तर ती आपल्या मोफत सामानाच्या वजनात धरली जात नाही. तिकीट दाखवून लगेज म्हणून बुक करावी लागते. गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी ती सामान कार्यालयात पोचली पाहिजे, मी तास धरते. नाव, मोबाइल आणि उतरायचं स्टेशन पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दांड्याला बांधा, हँडल आणि पायडल गोणपाटात गुंडाळा. जिथे गाडी दोनच मिनिटं थांबते अशा लहान स्टेशनासाठी या भानगडीत पडू नका. वर्धा, गोंदिया, बल्लारशा अशा मोठ्या ठिकाणी ठीक. सिंदीला मी सायकल नेत नाही, भावाची चालवते.

आता धोरणाचं बोलते, कारण हे सगळं मी पंक्चरवाल्या चाचांच्या भरवशावर उभं केलं आहे आणि ते बरोबर नाही. त्यांनी उद्या दुकान हलवलं तर माझी मेट्रो बंद. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात लिहिलं आहे की रस्त्याची जागा वाहनांपेक्षा माणसांना मिळाली पाहिजे. २०२१ मध्ये सायकलींसाठीच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत निवडलेल्या अकरा शहरांत आपलं नागपूर होतं. मला त्याचा आनंद झाला होता. पण रंगवलेली सायकलपट्टी महिन्याभरात उभ्या गाड्यांची जागा होते, हे मी रोज बघते. म्हणून माझं मत असं झालं आहे की ट्रॅकच्या आधी स्टँड द्या. प्रत्येक मेट्रो स्टेशनखाली आणि प्रत्येक मोठ्या बसथांब्यापाशी छप्पर, लोखंडी कड्या आणि पगारी माणूस असलेला सायकल स्टँड हवा. त्याला जमीन संपादन लागत नाही, रस्ता खोदावा लागत नाही, दहा गाड्यांच्या जागेत शंभर सायकली उभ्या राहतात. सायकली वाढल्या की ट्रॅक मागणारी माणसंही वाढतील. आज ट्रॅक रिकामा दिसतो म्हणून त्यावर गाड्या लागतात.

हे नवीन नाही. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली सुरू झालेली ती मिल, आणि पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरायचा. लहानपणी त्यांच्या दांड्यावर बसून आम्ही टॉकीजला जायचो तेव्हा तिथे सायकल स्टँड असायचा. स्टँडवाला एक पत्र्याचा बिल्ला हँडलला अडकवायचा, तशाच नंबरचा दुसरा वडिलांच्या खिशात. पाच मिनिटांत सायकल ताब्यात दिली की तीन तास डोक्याला ताप नाही. शहराला हे काम येत होतं, मग गाड्या आल्या आणि स्टँड पार्किंगचे झाले.

तुम्हाला मागायचं असेल तर तोंडी मागू नका. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. "सायकल स्टँड का नाही?" असं विचारू नका, "का"ला उत्तर मिळत नाही. कागद मागा: अमुक स्टेशनाच्या परिसराच्या मंजूर आराखड्याची प्रत, त्यात सायकलींसाठी दाखवलेल्या जागेचं क्षेत्रफळ, आणि मागच्या दोन आर्थिक वर्षांत त्यावर झालेला खर्च. माझ्या पहिल्या अर्जाला "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं उत्तर आलं, कारण मी सगळ्या स्टेशनांचं एकत्र विचारलं होतं. दुसऱ्यांदा एकाच स्टेशनाचं विचारलं आणि नकाशा मिळाला. त्यात जिन्याखाली सायकलींची जागा आखलेली आहे. आज तिथे दुचाकी लागतात. तो नकाशा जोडून, त्याच स्टेशनावरून रोज जाणाऱ्या माणसांच्या सह्या घेऊन मी निवेदन तयार केलं आहे. आत्तापर्यंत चाळीस सह्या झाल्या, त्यात सतरा जणी रोज सायकलनं येणाऱ्या. शंभर झाल्या की देणार आहे. तुमच्या स्टेशनाचा अर्ज तुम्ही करा. मजकूर हवा असेल तर अजनी चौकात पंक्चरच्या दुकानात चाचांकडे मी त्याच्या प्रती ठेवल्या आहेत, सकाळी आठ ते रात्री आठ.